पेवात सोडलेला दिवा

३ फेब्रुवारी

ढीग तापला! कोपरापर्यंत हात घातला आणि लगेच काढून घ्यावा लागला. उसाचं पाचट, शेण, भाजीची देठं, चहाचा चोथा — आठवडाभर नुसतं थंड पडून होतं. शनिवारी दाताळ्याने वरचं खाली केलं, खालचं वर, मध्ये तुरीच्या काटक्या घातल्या वारा खेळायला. आज सकाळी वाफ निघत होती. वाचनालयातल्या पुस्तकात दिलंय तसंच. ढिगाला आतपर्यंत हवा लागते. मिळाली की तो तापतो आणि घाण वास येत नाही. न मिळाली की सडतो.

हे गेल्यापासून सकाळी उठून हात कुठे ठेवायचे ते कळत नव्हतं. आता ढिगात घालते. ऊब असते. एवढंच. जास्त लिहायचं नाही असं ठरवलंय.

६ फेब्रुवारी

विश्वजीत आला होता. माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा. पुण्याची नोकरी सोडून आल्यापासून सेंद्रिय शेतीचं वेड लागलंय. ढिगाकडे बघून हसला. "काकी, तुमचं खत तयार व्हायला पावसाळा उजाडंल. माझा अर्क महिन्यात बाटलीत!"

त्याची रीत उलटी. गूळ, गोमूत्र, सडकी फळं घट्ट बंद करून ठेवायची, हवेचा कण लागू द्यायचा नाही. आंबलं की वरचं पाणी गाळून विकायचं. पाचगणीहून टाकाऊ स्ट्रॉबेरीचा टेम्पो ठरवलाय म्हणे. पण त्याचे ड्रम पुरत नाहीत. त्याला आमचं पेव हवंय.

हळदीचं पेव! आमच्या हरिपुरात पूर्वी घरोघरी जमिनीत खणलेली पेवं होती. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट घागरीसारखं, खोली तीन पुरुष. हळद भरून तोंड मातीने लिंपलं की वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत हवाच उरत नाही. महापुराचं पाणी शिरल्यापासून आमचं रिकामं आहे. तोंडावर नुसता पत्रा.

"बिनहवेची एवढी मोठी जागा फुकट पडलीया, काकी. आजोबांनी माझ्यासाठीच खणून ठिवलीया!"

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो हो धरून गेला.

७ फेब्रुवारी

रात्री झोप नाही. ह्यांचं पेव उघडणं आठवत राहिलं. लिंपण फोडायचं, तोंड उघडं ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. तळाला टेकेपर्यंत ज्योत राहिली तरच माणूस उतरणार. विझली तर अजून एक दिवस थांबायचं. हमाल चेष्टा करायचे — "मालक, पेवाला ओवाळताय व्हय?" हे फौजेतले, ऐकून घ्यायचे आणि दोरी सोडत राहायचे. मला एकदा म्हणाले होते, आत मेलेली हवा साठते. दिसत नाही, नाकाला कळत नाही. तिला दिव्यानेच विचारावं लागतं.

मामंजींच्या काळात गावातल्या एका पेवात तिघे गेले. पहिला पडला म्हणून दुसरा उतरला, दुसऱ्याला काढायला तिसरा.

विश्वजीतला बोलावून सांगितलं. पेव घे, पण दिवा सोडल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही. "व्हय काकी. शब्द!"

१२ फेब्रुवारी

पेव भरलं. मदतीला बिराप्पा होता. मेंढ्या घेऊन दरवर्षी आमच्या रानात बसतो, लेंडीखत देतो. मला आक्का म्हणतो. स्ट्रॉबेरीचे क्रेट बघून म्हणाला, "आक्का, ह्यो खत करतोय का हातभट्टी? कळू द्या, म्हंजी भांडं घिऊन येतो."

ह्यांचा कंदील काढला. तळाशी थोडं रॉकेल होतं. मीच पेटवला, मीच सोडला. ज्योत तळापर्यंत ताठ. मग बिराप्पा उतरला आणि आतून शेततळ्यात अंथरतात तो प्लास्टिकचा जाड कागद लावला. तो वर येईपर्यंत मी तोंडाशी बसून होते.

रॉकेल संपलं. रेशनवर मिळायचं कधीच बंद झालंय.

१९ फेब्रुवारी

परसात गोड, आंबूस वास. वाईट नाही. ढीग पुन्हा उलटला. आत पांढरी बुरशी धरलीय, भस्मासारखी. पुस्तक म्हणतं हे चांगलं लक्षण.

२४ फेब्रुवारी

आज माझं शूटिंग झालं! विश्वजीत त्याच्या अर्काचे व्हिडिओ मोबाईलवर टाकतो. शिवांजली, त्याची बायको, म्हणाली, "काकी, पेवाचं तुमीच सांगा. ह्यांनी सांगितलं तर जाहिरात वाटती. तुमचं खरं वाटतंय."

राखाडी साडी नेसले. सगळं सांगितलं — तोंड उघडं ठेवणं, दिवा सोडणं, ते तिघे. विश्वजीत म्हणाला दिवा सोडतानाचं दाखवूया. पण कंदिलात रॉकेल कुठलं? शिवांजलीने घरातून बॅटरीचा आणला. अगदी कंदिलासारखा, वर कडी, बाजूला काच. "दिसायला पायजे फक्त, काकी. उतरायचं कुणाला हाय?" मी दोरी धरली. खालच्या पाण्यापर्यंत लख्ख उजेड पडला. विश्वजीत मोबाईलमागून बोलला, "बघा मंडळी, दिवा जळतोय. म्हणजे आत उतरायला हरकत नाही."

कुणी उतरलं नाही. चहा झाला.

परक्या माणसांपुढे ह्यांच्याबद्दल बोलले आणि आवाज कापरा झाला नाही. पहिल्यांदाच. दिवसभर हलकं वाटलं.

२ मार्च

वास बदलला. सडक्या अंड्यासारखा.

५ मार्च

विश्वजीतने अर्काची पहिली बादली माझ्या जास्वंदीला ओतली. पाणी घालून, मोजून, रीतसर. संध्याकाळी बघते तर गांडुळं वर आलेली. ओल्या मातीतून बाहेर येऊन उघड्यावर वळवळत होती, जशी घर पेटल्यावर माणसं बाहेर पडतात. बरीचशी मेली.

"कच्चा हाय अजून, काकी. पिकला की गुण देतो."

असेलही. पुस्तकात दोन्ही बाजू दिल्यात. नीट आंबवलेला अर्क, पातळ करून, थोडा थोडा — पिकाला मानवतो म्हणे. पण जे सडलंय ते जमिनीत गेलं की जमिनीतली हवा खातं. मी झाडाभोवतीची माती उकरली आणि ढिगातलं मूठ मूठ खत मिसळलं. आता जगलं तर जगलं.

९ मार्च

कोंबडी मेली. पेवाच्या तोंडाशी जो खळगा आहे तिथे पाचटावर बसायची तिला सवय होती. तिथेच बसल्या जागी मान टाकलेली. सगळे म्हणाले मुंगूस. अंगावर ओरखडा नव्हता. एक पीसही पडलं नव्हतं.

पत्र्यावर दगड ठेवले. उगाचच.

१३ मार्च

होळी. विश्वजीतने पेवाचा पत्रा उघडून सगळ्यांना बोलावलं. "या, हुंगा! वास गेला! पिकला अर्क!" खरंच, वाकल्यावर एकदम भपका आला आणि दुसऱ्या श्वासाला काहीच नाही. सगळे खूष. पुरणपोळी खाऊन गेले.

मी पुस्तक पुन्हा काढलं. गोबरगॅसच्या प्रकरणात एक ओळ आहे — सडक्या अंड्याच्या वासाचा वायू फार झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो.

विश्वजीतला वाचून दाखवली. "काकी, तुमी लय वाचता!" म्हणाला. प्रेमानेच म्हणाला.

१६ मार्च

साताऱ्याला आले, राजेश्वरीकडे. लेकीने हट्ट धरला, आई चार दिवस ये. निघताना विश्वजीतला पुन्हा बजावलं. तोंड उघडं ठेव. दिवा सोड. "व्हय, व्हय. एसटी चुकंल तुमची."

१८ मार्च

शिवांजलीचा फोन. "काकी, तुमी फेमस झालाय! पलूसला लोक इचारत्यात, त्या कंदीलवाल्या आजी कोन?" विश्वजीत तिकडे शेतकऱ्यांचं शिबिर घेतोय. त्यांच्याकडे पेवं कुठली! पण जुने गोबरगॅसचे हौद घरोघर पडून आहेत, तेच वापरा म्हणून सांगतोय. राजेश्वरीने व्हिडिओ लावला. मी बरी दिसते. जावई म्हणाले, "आई, तुम्ही शिक्षिका व्हायला हव्या होत्या."

हे असते तर मिशीत हसले असते.

२१ मार्च

पिशवी अजून सोडलेली नाही, आधी हे लिहिते.

सकाळच्या गाडीने परत आले. पिशवी हातात तशीच परसात गेले. अर्क पंपाने काढून झाला होता आणि तळाचा गाळ बादल्यांनी काढायचा होता. बिराप्पा कमरेला दोरी बांधून पेवाच्या तोंडावर बसलेला. पाय आत.

मी ओरडले. दिवा सोडला का?

"सोडलाय की, काकी!" विश्वजीत म्हणाला. "बघा, लख्ख!"

वाकून बघितलं. खाली गाळावर तोच शूटिंगचा बॅटरीचा कंदील. स्वच्छ पांढरा उजेड.

बिराप्पाला बाहेर ओढलं. खरंच ओढलं, दंडाला धरून. "आवं आक्का, बोहल्यावर वढताय व्हय? पोरगी तरी दावा!" तो हसत होता. मी देवघरातलं निरांजन आणलं, गोडेतेल घातलं, पेटवून एका डब्यात ठेवलं, डबा सुतळीला बांधून हळूहळू सोडला. फार खाली गेलाच नाही. तोंडापासून पुरुषभर खाली ज्योत आखडली, निळी झाली आणि गेली. फुंकर मारल्यासारखी नाही. कुणीतरी चिमटीत धरल्यासारखी.

पुन्हा पेटवून सोडला. पुन्हा तिथेच.

तिसऱ्यांदा विश्वजीतने स्वतः सोडला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. खाली बॅटरी तशीच जळत होती. तिला काय, तिला हवा लागते कुठे! ज्याला श्वास लागतो त्यालाच हवेचं विचारायचं असतं. हे ह्यांनी कधी सांगितलं नाही, कारण त्यांच्या दिव्याला श्वास लागायचाच.

बिराप्पाने कमरेची दोरी सोडली. ती नीट गुंडाळली. मग म्हणाला, "आत बसून निवांत एक बिडी वडायचा बेत हुता माझा, आक्का." कुणी हसलं नाही. तोही नाही.

२४ मार्च

पेव बंद. विश्वजीतने वरूनच लांब बांबूला बादली बांधून जमेल तेवढा गाळ काढला, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. उरलेल्यावर माती लोटून तोंड बुजवलं. काढलेला गाळ पसरून वाळवला. माझ्या ढिगात पाचटाबरोबर थोडा थोडा घालतोय. काल स्वतः दाताळं घेतलं. पुण्याचे हात, फोड आले. "काकी, ह्यात हवा किती घालायची?" मी म्हटलं, तुला पुरेल तेवढी.

वास दोन दिवसांत गेला. ह्या वेळी खरा गेला. मातीचा येतोय.

३० मार्च

पाडवा. बिराप्पाची बायको राणी आली होती. माझ्या पाया पडायला वाकली, मी धरलं तिला. लोकरीचं घोंगडं ठेवून गेली. नवं, अजून मेंढराचा वास येणारं.

गुढी विश्वजीतने उभारली. जास्वंदीला एक कळी आहे. ढीग सकाळी हाताला छान गरम लागला. ह्यांना मनातल्या मनात सांगितलं, तुमचा दिवा कामाला आला. कितीतरी दिवसांनी दुपारी झोप लागली, अंगावर पांघरूण घेऊन, लहान मुलासारखी.

२ एप्रिल

पलूसहून विश्वजीतला फोन आला. त्याने येऊन मला सांगितलं. शिबिराला आलेला एक जण काल गोबरगॅसच्या हौदात उतरला. तो वर येईना म्हणून त्याचा भाऊ. दोघेही गेले. घरचे म्हणतात, आमी सगळं त्या आजींनी व्हिडिओत दाखवलं तसंच केलं, आधी दिवा सोडला होता.

त्यांना बाहेर काढलं तेव्हाही तो जळत होता.