दादाच्या मूळपेशी आणि माझा व्हर्नियर

२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
दादाचं रक्त बिघडलंय. रक्ताचा कारखाना हाडांच्या आत असतो, तोच बंद पडत चाललाय. डॉक्टरबाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडाच्या मूळपेशी जुळल्या तर वाचण्याची आशा आहे. भावंडं दोन: मी आणि धाकटी. म्हणजे मीच.
संकल्प: मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, या विषयाचा संपूर्ण अभ्यास. घड्याळदुरुस्तीही मी कुणाकडे शिकलो नव्हतो. दादानं आणून दिलेलं बंद गजराचं घड्याळ उघडलं, बस्स.

५ फेब्रुवारी
तक्ता तयार. डावा रकाना, लाल शाई: भ्रूणातल्या मूळपेशी. चार-पाच दिवसांच्या गर्भातल्या, शरीराचा कुठलाही भाग बनू शकतात. उजवा, निळी शाई: प्रौढ मूळपेशी. आपापल्या जागी, ठरावीक कामापुरत्या. हाडांतल्या फक्त रक्त बनवतात. म्हणजे डावीकडे कोरा पत्रा, हवं ते चक्र कापा. उजवीकडे एकाच मेकच्या घड्याळाच्या सुट्या भागांचा डबा.
बायकोला समजावलं. ती म्हणाली, दूध उतू जातंय. गेलं.

८ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंना विचारलं, वाटेल ते बनणाऱ्या पेशी असताना आपण डब्यातल्या का घेतोय? त्या म्हणाल्या, काका, वाटेल ते बनतात हीच तर अडचण. आवरल्या नाहीत तर गाठी होतात. आणि दादांना फक्त रक्तच हवंय ना?
मला माहीत होतंच. तळटीप वाढवली.
गालाच्या आतून काडी फिरवून माझा नमुना घेतला. धाकटीचाही घेतला, उगाच.

९ फेब्रुवारी
पुस्तकात म्हटलंय, भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. सर्वसामान्यांसाठी ठीक आहे. मी घड्याळाचे भाग मोजायचा व्हर्नियर घेऊन वॉर्डात गेलो. नाकाची रुंदी: दादा ३८.२ मिमी, मी ३८.४. धाकटी ३३.१, नाक सरळसरळ आत्याचं. बाद.
दादा म्हणाला, डोक्याचंही माप घे, एक टोपी शिवून टाक. हसताना त्याला धाप लागली. मग मापं नीट येईनात. व्हर्नियर पुसून पुन्हा शून्यावर आणला. धूळ बसली असणार.

११ फेब्रुवारी
दात्याची तयारी. पहाटे चालणं, चहा कायमचा बंद.
सकाळी ११: चहा सुरू. दात्याचं डोकं दुखून चालणार नाही.
धाकटीचा फोन. तुला भीती नाही वाटत? म्हटलं, अभ्यास असला की वाटत नाही. ती म्हणाली, मला वाटते रे, सांग ना काय करतात ते. तक्ता वाचून दाखवायला घेतला. डाव्या रकान्यातच तिनं फोन ठेवला.

२० फेब्रुवारी
धाकटी पूर्ण जुळली. मी अर्धा.
नमुन्यांची अदलाबदल झाली आहे, असं लेखी दिलं. पाठीमागे नाकांचा तपशील जोडला.

२४ फेब्रुवारी
फेरतपासणी. मी अर्धाच.
दादा म्हणाला, असू दे रे. ते भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय, तेवढं बघ. चार मिनिटं मागे होतं. लावलं.

२५ फेब्रुवारी
पंधराव्या वर्षी मी डाव्या रकान्यातला होतो, काहीही झालो असतो. आता उजव्यातला, घड्याळांपुरता. दादाला उजव्यातलंच हवंय, आणि तेही माझं चालत नाही. तक्ता घडी करून खिशात ठेवला.

६ मार्च, सकाळी ९.२०
धाकटी रक्तातून मूळपेशी वेगळ्या काढणाऱ्या मशीनला जोडलेली. मूळपेशी हाडांतून रक्तात उतरवायच्या इंजेक्शनांनी गेले काही दिवस तिची हाडं ठणकतायत. दोन्ही हातांत सुया, चार तास हलायचं नाही. मी बाजूच्या स्टुलावर. म्हटलं, विचार काय विचारायचं ते. ती म्हणाली, नाक खाजव.

दुपारी १.३५
पिशवी भरली. दादाकडे नेली. मी दारापर्यंत गेलो, पुढे सोडत नाहीत. लागू पडतंय की नाही, हे कळायला दोन-तीन आठवडे.
आजचं माझं काम: धाकटीचं नाक, सात वेळा. पाच वेळा डावीकडून, दोनदा शेंड्यावर.
नाक आत्याचंच आहे. माप चुकलं नव्हतं.