एकट्याने न वळणारा पेशंट

प्रिय राणीसरकार,

लाकडी सांधे, रबराची कातडी, पोटात वाळूच्या पिशव्या, हाताला सलाइनची नळी: खऱ्या माणसाच्या वजनाचा पेशंट मी स्वतः घडवला. कुणी शिकवलं नाही, हे तुला ठाऊकच आहे.

इथे कॉलेजात डॉक्टरकी, नर्सिंग, फिजिओथेरपी शिकणारी मुलं त्याच्यावर एकत्र सराव करतात. काल एक भावी डॉक्टर एकटेच त्याला कुशीवर वळवायला निघाले. नर्सिंगची पोरगी ओरडली, "अहो डॉक्टर, नळी उपटाल! आम्ही काय शोभेला उभ्या आहोत?" सगळे हसले, तेही हसले. मग तिने नळी सांभाळली, फिजिओवाल्याने कंबर धरली, डॉक्टरांनी खांदा, आणि पेशंट अलगद वळला.

मी वेळेवर जेवतो. तुझा गुडघा रात्री ठणकतो का? खरं सांग. ऑपरेशनची तारीख मात्र पुढे ढकलू नकोस, पैशांचं मी बघतो.

एका कंपनीला हाच पेशंट हलका करून हवा होता, एकट्याला वळवता येईल असा. तसा केला तर पोरं एकट्यानेच वळवायला शिकतील, आणि पुढे खरा माणूस तसाच वळवतील. तुला न विचारताच त्यांना 'नाही' म्हणालो. रागाव, पण उत्तर लिही. दोन लाख देत होते.

तुझाच,
हट्टी