या खेपेले मी पळाली नाही

खापरखेडा, १९७१

दादा,

कोष्ट्याची पोरगी बौद्धाच्या घरी गेली, हे काकाले सहन झालं नाही. तुले घेऊन ते माह्या मागंच लागले. रामटेकले तुम्ही आले, तवा मी अन् ताराचंद मागच्या दारानं निघालो. पारशिवनीले आले, तवा घरमालकीण वच्छलाबाईनं आम्हाले धानाच्या बांधीतून पार केलं.

काल सकाळी तुम्ही इथं कॉलनीत शिरले. ताराचंद म्हणे, "चाल वं, निघू."

मी म्हटलं, "आता काहून पळू? मी चोरी नाही केली, लग्न केलं."

मीच दार उघडून तुह्यासमोर उभी राहिली. सातव्या महिन्याचं पोट तुले दिसलं. काकानं रस्त्यावरून विचारलं, "काय गा, आहे का थे?"

माह्याकडं पाहतच तू म्हणाला, "नाही काका. दुसरंच कोणी राहते इथं."

मी तर भांडायच्या तयारीनं उभी होती, दादा.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. घरी काकाच पत्रं फोडतात, तुहं खोटं उघडं पडंल. पण बांधलेल्या सामानाच्या गाठी मी सोडल्या आहेत. लेकरू इथंच होईल, अन् त्याचा मामा कोण, हे मी त्याले सांगीन.

तुही बहीण,
कौसल्या ताराचंद