उडताना स्टिक कुठे धरायची

४ जाने., रवि.
बेहाला भागातलं नेहमीचं गेमिंग पार्लर. केतकी पहिल्यांदाच सोबत. धाकटी बहीण, कंट्रोलर कसा धरायचा हे मीच शिकवलं तिला, घरच्या सोफ्यावर. आज माझ्या मित्राशी, अर्णबशी खेळली. त्याने असा फटका दिला की तिचा गडी मैदानाबाहेर जाऊन मरणारच. मेला नाही. उडता उडता तिने कंट्रोलरवरची स्टिक दाबली, वाट वळली, कडेला घासून गडी परत आत. अर्णब ओरडला, "दारुण!" म्हणजे बंगालीत 'भन्नाट'.
मला इतक्या वर्षांत एकदाही म्हणाला नाही.
येताना ऑटोत तिची बडबड. मी बाहेर बघत.

७ जाने., बुध.
ऑफिसातून लवकर सुटलो. विचारलंच शेवटी तिला, कसं करतेस. सहज विचारल्यासारखं.
"दादा, मार बसला की तू स्टिक सोडूनच देतोस. तेव्हाच तर धरायची असते. फटका नेतोय त्या दिशेला आडवी."
बरोबर आहे तिचं. म्हणूनच जास्त राग आला. आई आतून, "ऐक रे जरा तिचं." आईला यातलं काय कळतं!

११ जाने., रवि.
महिनाअखेरीस जोड्यांची स्पर्धा. दर वेळी अर्णब आणि मी. गृहीतच. आज चहा पिता पिता तो, माझ्याकडे न बघता, "सुन, इस बार केतकी के साथ उतरूँ? बुरा मत मानना।"
"अरे, मुझे क्या।" हसलोसुद्धा.
केतकीच मध्ये पडली. आम्हा दोघांचा सामना होऊ दे, जिंकेल तो अर्णबसोबत. दया दाखवतेय मला. तरी हो म्हणालो.

१४ जाने., संक्रांत
केतकीने तिळगूळ हातावर ठेवला. घेतला, बोललो नाही. मग दार लावून सराव. कधी जमतं. कधी घाईत उलटीकडे दाबतो आणि आणखी लवकर मरतो. तिला हे शिकावं लागलं असेल का? की आपोआपच...

१८ जाने., रवि.
जिंकलो.
दोघांचाही शेवटचा जीव. तिने मला उडवलं. स्टिक धरली, वाचलो! मग मी तिला मारलं. साधाच फटका, ती झोपेतही वाचली असती. गडी सरळ रेषेत बाहेर. माझं लक्ष पडद्यावर नव्हतं, तिच्या हातांवर होतं. हल्ली तिथेच असतं. अंगठा स्टिकवर नव्हताच.
अर्णबची पाठीवर थाप. "तो फिर हम दोनों।"
जिन्यात गाठलं तिला. "मुद्दाम केलंस?"
"घसरला रे."
"खरं सांग."
बुटाची नाडी बांधत बसली. "पण तू काय मस्त वाचलास, दादा!"
तिच्या खोलीतून बटणांचा आवाज येतोय. एकटीच खेळतेय. अर्णबचा मेसेज: नाम लिखवा रहा हूँ, पक्का ना?
'हाँ' टाइप केलं. पाठवलेलं नाही.