हिवराखालचं तरट

मी, बेबीनंदा मगरे, वय पंचाहत्तर, राहणार बदनापूर. डोकं ठिकाणावर आहे. नसतं, तर आमच्या गावचे पुढारी अण्णासाहेब यांच्या भाषणाला टाळ्या वाजवल्या असत्या. कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

एक. राहतं घर व भांडीकुंडी माझी मुलगी संध्या हिला. भावाचा मुलगा प्रितम याला छताचा पंखा. तो वारा देत नाही, नुसता घरघरतो. दोघांचं बराबर जमेल.

दोन. गावाकडचा, हिवराचं झाड असलेला जमिनीचा तुकडा. प्रितम म्हणतो, "आत्या, देऊन टाक ना अण्णासाहेबाला. ते तिथं कमान बांधणार हायेत. आजोबाचं बी नाव टाकतो म्हणले." खाली, बारीक अक्षरात. वर मोठ्यानं त्यांचे वडील, ‘शिक्षणमहर्षी रामराव’. वा रे महर्षी!

गावात शाळा नव्हती तेव्हा माझे वडील, अप्पाराव गुरुजी, त्या झाडाखाली पोरं शिकवत. स्वतः सातवी शिकलेले, मार मात्र जबर. पाटी म्हणजे धूळ. गावाचा दंडक असा, की ज्यानं त्यानं आपलं पोतं आणायचं आणि आमच्या वस्तीच्या पोरांनी लांब बसायचं. एका संध्याकाळी वडिलांनी सगळी पोती ठेवून घेतली आणि दाभणानं शिवून एकच तरट केलं. सकाळी पोरं त्यावर बसली. कोणाचं काही बिघडलं नाही.

दुपारी रामराव विळा घेऊन आले. "कोणाला इचारून शिवलं रे, अप्प्या?" मधोमध असलेलं आपल्या अण्णाचं पोतं कापून घेतलं आणि अण्णाला बखोट धरून नेलं. मग बाकीचेही गेले. वडील मजुरीला लागले. पुन्हा कोणाला शिकवलं नाही. त्याचा मला अजून संताप येतो.

आणि हे अण्णासाहेब फीत कापायला गेले की सांगतात, "आम्ही एकाच तरटावर शिकलो, भेदभाव बिलकुल न्हाई!" अहो, अर्धा दिवस!

तीन. ती जमीन संध्येला. तरट आणि दाभण लोखंडी पेटीत आहेत. मधलं भगदाड तसंच आहे. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला अण्णासाहेब येणारच, माईक दिसला की त्यांना राहवत नाही. कार्यक्रम हिवराखालीच ठेवावा, तरट अंथरावं. बापानं नेलेला तुकडा त्यांनी आणावा आणि चारचौघांत स्वतःच्या हातानं शिवावा. शिवला, तर संध्येनं जागा द्यावी. कमानीवर हवं ते नाव घाला, माझी हरकत नाही.

तुकडा आणला नाही, तर त्यांना मानानं मधोमध त्यांच्याच जागेवर बसवावं. तिथं माती असेल, हिवराचे काटे असतील. झाडून घेऊ नये.

हे सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

बेबीनंदा मगरे (सही)
साक्षीदार: काकासाहेब शेळके, शेजारी (सही)
साक्षीदार: सुमेधा खरात, निवृत्त परिचारिका (सही)
बदनापूर, जि. जालना. ९ मार्च २०२५