अकरा नंबरचा बिल्ला

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मी मांडीवर पाट घेऊन लिहायला बसले आहे. माझ्या तोंडाला कुलूप नाही असं तुम्हीच म्हणायचात, तेव्हा आता ऐकून घ्या. माझ्याकडे रेल्वेच्या बिल्ल्यांची एक पेटी आहे. हमालांच्या दंडावरचे, शिपायांच्या पट्ट्यावरचे, टोपीवरचे, सगळे पितळी. लोंढ्याच्या शेजारणी हसतात, म्हणतात, बायका सोनं जमवतात नि ही बया मोडीचं पितळ जमवते. हसू देत की! मी काय शोधत होते ते त्यांना काय माहीत?

घाटमाथ्यावरच्या स्टेशनात तुम्ही हमालांचे मुकादम. रोज सकाळी चुलीपुढे बसून मी तुमचा बिल्ला चिंचेनं आणि राखेनं घासायची, आणि दंडावर बांधताना तुम्ही विचारायचात, "तोंड दिसतंय काय गं त्यात?" मी म्हणायची, "दिसतंय, पर वाकडं." त्यावर असे गडगडून हसायचात की आई आतून ओरडायची. अक्षरं तुम्हाला वाचता येत नव्हती, पण नुसत्या आकारावरून सांगायचात, गोल तो आपल्या कंपनीचा, मुकुटवाला तो घाटाखालच्या गोव्याच्या हद्दीतला. माणूस गेला तरी नंबर जात नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. सात नंबरवाला मेला तर त्याचा बिल्ला दुसऱ्या दिवशी नव्या गड्याच्या दंडावर, आणि पुन्हा "ए सात!" म्हणून हाका सुरू. मला ते ऐकून रडू आलं होतं.

मग कंपनीचं नाव बदललं. जुने बिल्ले गोळा करून वितळवायला पाठवायचा हुकूम आला आणि ते काम तुमच्या गळ्यात पडलं. अजून दिसतंय मला. तुम्ही पोतं स्वयंपाकघरात आणून ओतता, आई कपाळाला हात लावते, आणि तुम्ही एकेक बिल्ला उचलून सांगत बसता. "हा चार नंबर. ह्यानं अडलेल्या बाईला पाठीवर घेऊन दवाखाना गाठलेला. हा नऊ. कुणाचं गाठोडं कधी इकडचं तिकडं केलं न्हाई." भाकरी गार झाली तरी तुमचं संपेना. एक मात्र कमी होता, अकरा नंबरचा. तो गडी कुंभारवाड्याकडचा, त्याच पावसाळ्यात हिवतापानं घरीच गेलेला, आणि बिल्ला तिथंच राहिलेला. तो आणायला तुम्ही दुसऱ्या दिवशी चालत निघालात आणि तिसऱ्या दिवशी रिकाम्या हातांनी परत आलात.

"न्हाई मिळाला?" आईनं विचारलं.

"मिळालेला. रानात कुठंतरी पडला."

बस्स, एवढंच. साहेबानं मुकादमकी काढून घेतली, आणि त्या वयात तुम्ही साधा हमाल होऊन लोकांच्या पेट्या वाहू लागलात. विहिरीवर पोरी मला "बिल्लाहरव्याची लेक" म्हणायला लागल्या. माझ्या अंगाचा नुसता जाळ. एकदा तोंडावर म्हणाले तुम्हाला, "एक बिल्ला संभाळता आला न्हाई तुमास्नी!" आई मारायला धावली, तर तुम्ही तिचा हात धरलात आणि म्हणालात, "खरं हाय की तिचं."

तुम्ही गेलात, मी लग्न होऊन लोंढ्याला आले, पण तो अकरा नंबर काही डोक्यातून जाईना. पडलाय तर कुणा गुराख्याला सापडेल, मोडीत येईल, आणि मग मी सगळ्यांच्या नाकापुढे धरीन, असं वाटायचं. म्हणून तांबटांच्या दुकानातली मोड उपसायची मी. तो सोडून भलतेच बिल्ले सापडत गेले. टाकवेना, म्हणून पेटी भरत गेली.

गेल्या महिन्यात कुंभारवाड्याला कुणाकडे जुना बिल्ला आहे असं कळलं. गेले. एका म्हातारीनं देवाचा कोनाडा दाखवला. देवाशेजारी बिल्ला, कुंकवानं माखलेला. अकरा!

"रानात सापडला काय हो, आजी?"

"सापडतोय कशाला गो बाय? मुकादमानं हितंच ऱ्हाऊ दिला. न्यायला आलेला. पोर पोटात व्हतं माझ्या. म्हटलं, मुकादमा, घरधन्याचं एवढंच हाय घरात, न्हेऊ नको. उंबऱ्यावर बसून तांब्याभर पाणी प्याला आन् म्हणाला, वैनी, कुणी विचारलंच तर मुकादमानं न्हेला म्हणून सांग." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "लई भला माणूस. त्यास्नी त्यापायी काय तरास न्हाई झाला न्हवं?"

आप्पा, जन्मात पहिल्यांदा माझ्या तोंडाला कुलूप लागलं. "न्हाई," म्हणाले, "काय सुदीक न्हाई." ती तुमची लेक म्हणून मला ओळखत नव्हती, आणि मीही सांगितलं नाही.

मला घरी का सांगितलं नाहीत तेही कळलं. मी ते गावभर केलं असतं, आणि साहेबाचा शिपाई त्या बाईच्या दारात उभा राहिला असता. केवढा मोठा माणूस होतात तुम्ही, आणि माझ्याच घरात! निघताना मी म्हातारीला म्हटलं, द्या, घासून लख्ख करून देते. तिनं माझा हात बाजूला सारला. "घासू नको बाय, कुंकू जाईल."

हे पत्र टपालात कुठं टाकणार? बिल्ल्यांच्या पेटीतच ठेवते. एक राहिलं. मुकादमकी गेल्यावर तुम्ही साध्या हमालाचा नवा बिल्ला माझ्यापुढे धरलात, आणि मी चिंच संपली म्हणाले. मग रोज तुम्हीच विहिरीवर बसून तो नुसत्या मातीनं घासायचात. चिंच संपली नव्हती, आप्पा. मडकं भरलेलं होतं.