ती लांडगीण नव्हती, बाबा

प्रिय बाबा,

'प्रिय' लिहिताना हात अडला. पण दुसरा शब्द सुचला नाही. शिवी द्यायची होती तर ती तोंडावर द्यायला हवी होती, आणि तेवढी संधी तुम्ही ठेवली नाहीत.

आज दुपारी ड्यूटीवरून घरी आले, अजून अंगावर कंडक्टरची खाकी होती. आरू दारातच बसलेली. म्हणाली, "आई, आबाची लांडगिणीची गोष्ट सांग ना!" तुमची दुसरीतली नात. म्हणजे तुम्ही तिलाही ती गोष्ट सांगून ठेवली होती! मी इतक्या जोरात ओरडले की पोर रडत शेजारच्या घरी गेली. म्हणून लिहायला बसले. ओरडायचं होतं ते तुमच्यावर.

गोष्ट तुम्हाला पाठ होती, मलाही आहे. एका शेतकऱ्याच्या विहिरीवर रोज एक लांडगीण पाणी प्यायला यायची. कातडं काढून काठावर ठेवायची आणि बाई व्हायची. शेतकऱ्यानं एक दिवस ते कातडं उचललं आणि घरी नेऊन कणगीत, ज्वारीच्या तळाशी पुरलं. बाई कातड्यामागे त्याच्या घरी आली. तिनं चूल पेटवली, भाकरी थापल्या, तिला एक मुलगी झाली. मग एका वर्षी पीक बुडालं, कणगीचा तळ दिसला आणि तिला तिचं कातडं सापडलं. ते अंगावर घेऊन ती निघून गेली. इथं तुम्ही माझ्या नाकाला बोट लावायचात. "थे पोट्टी म्हंजे तू, सुमे."

केवढी आवडायची मला ती गोष्ट! बाकीच्या पोरींच्या आया शेतात निंदायला जायच्या, माझी आई रानात लांडगीण होती. शाळेत मी मिरवायचे.

आई गेली तेव्हा मी बालवाडीत होते. तिचा चेहरा आठवत नव्हता. आठवायचं ते फक्त तिच्या उजव्या मनगटावरचं गोंदण, हिरवं, तुळशीवृंदावनाचं. पीठ मळताना ते वरखाली व्हायचं. माझ्याकडे तिचं एवढंच उरलं होतं.

आणि भाकर! तुम्हाला आठवते ना भाकर? मी माझ्या ताटातली अर्धी भाकर फ्रॉकच्या खिशात घालून वावराच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवायचे, तिच्यासाठी. सकाळी जाऊन बघावं तर नसायची. मी धावत यायचे, "बाबा, माय येऊन गेली!" तुम्ही म्हणायचात, "हाव, आली असन." एवढंच. मला एकदाही थांबवलं नाहीत.

मग तो मेलेला लांडगा. शेळ्या मारतो म्हणून लोकांनी त्याला मारलं आणि चावडीपुढे आणून टाकलं. पोरं काठीनं टोचत होती. मी मोठ्यांच्या पायांतून आत घुसले आणि त्याच्या पुढच्या पायावरचे केस बोटांनी बाजूला सारून बघायला लागले. गोंदण शोधत होते मी, बाबा! सगळे हसत होते. तुम्ही मला खसकन उचललंत आणि म्हणालात, "येडी झाली का वं? हा नर हाय. हे तुही माय नाही." तुमची हनुवटी थरथरत होती, हे मला आजही दिसतं. त्या वेळी खरं तुमच्या अगदी ओठांवर आलं होतं. का गिळलंत? एवढंसं लेकरू मेलेल्या जनावरात आई शोधतंय, आणि तुम्ही काय सांगता, तर हा नर आहे!

उलट त्यानंतर तुम्ही गोष्टीला एक शेपूट जोडलंत. लांडगीण कधीतरी येईल, नाव घेऊन हाक मारेल, पण वळून बघायचं नाही. बघितलं की तूही लांडगीण. मी शहाणी मुलगी होते, तुमचं सगळं ऐकायचे.

तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नदीकाठी आम्ही ताटकळत उभे. काका म्हणाले, "इच्छा राह्यली असन भाऊची काही." शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेरवीच्या दिवशी पंगत बसलेली असताना मांडवाच्या बाहेर एक बाई उभी राहिली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. आत येईना. मी वाढायचं सोडून गेले. म्हटलं, "या ना, कोण तुम्ही?"

"मी कलावती," ती म्हणाली. "वरवट बकालहून आली."

मला नाव कळलं, पण डोक्यात शिरेना. मग तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मला मनगट दिसलं.

वरवट बकाल, बाबा! माझी गाडी जाते तिथं. स्टँडवर उतरून मी चहा पिते. आई तिथंच भावाकडे राहते, आणि ती मला लांबून बघायची. "खाकीत लय मस्त दिसते तू," म्हणाली. मी विचारलं, "मग बोलली काऊन नाही?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

"बोलली ना. आठवडी बजारात आवाज देल्ला तुले. सुमे, म्हनलं. तू अशी पयाली, जसा का मांगं लांडगा लागला."

तो बाजार मला आठवतो. मी डोळे मिटून धावले, मिरचीच्या ढिगावर धडपडले आणि तुमच्या धोतराला येऊन चिकटले. तुम्ही 'शाब्बास' म्हणालात, वर जिलबी घेऊन दिलीत. मी ती बोटं चाटूनपुसून खाल्ली.

ती का गेली होती तेही मला तिच्याकडूनच कळावं? "माह्या बापाले लकवा मारला होता. पाहाले जातो म्हनलं, त म्हने पेरनी सोडून जायचं नाही. मी गेली. बाप मेला. त्याचे दिवस करून आली, त दाराले कुलूप." तुम्ही मला घेऊन वावरातल्या खोपीत राहायला गेला होता. ती पुन्हा आली, पुन्हा कुलूप. बाजारात मी पळाले त्यानंतर ती आली नाही. "वाटलं, पोरीलेच मी नोको असन," म्हणाली. माझ्या लग्नात तुम्ही पाहुण्यांना हात धरून पंगतीला बसवत होता, तेव्हा ती कुठं होती हे तुम्हाला ठाऊक होतं ना? घास कसा उतरला तुमच्या घशाखाली?

गोष्टीत माणसाचा लांडगा का होतो, याचा मी सध्या फार विचार करते. तिकिटं देऊन झाली की खिडकीबाहेर माळ दिसतो आणि तोच विचार येतो. मला वाटतं, ज्याला घराबाहेर ठेवायचं असतं त्याच्या अंगावर आधी केस उगवावे लागतात. बाई परत येऊन दार वाजवते, मग लोक विचारतात, का वाजवते? लांडगिणीबद्दल कोण विचारणार? रानातली होती, रानात गेली. तुमची अडचण मिटली.

पण बाबा, गोष्ट सांगताना तुम्ही कधी ती ऐकलीत का? त्या गोष्टीत चोर कोण होता? दुसऱ्याचं कातडं चोरून ज्वारीखाली कुणी पुरलं? ती आपली पाणी प्यायला आली होती! दर वेळी तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगत होता आणि मी हुं हुं करत ऐकत होते.

परवा मी काकांवरही चिडले. म्हटलं, तुम्हाला सगळं माहीत होतं, गप्प कसे बसलात? ते म्हणाले, "थ्या भाकरी तुहा बापच उचले वं. कुत्र्यालेबी नाही टाकल्या. धुऱ्यावर बसून कोरड्या खाये तो."

हे ऐकून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. काय करू मी याचं? तिच्या वाटची भाकर खाता येत होती, तिला एक निरोप धाडता येत नव्हता? तुम्हाला मी लाडकी होते, हे मला कुणी सांगायला नको. लाडक्या पोरीची आई अशी काढून घेतात?

असो. एक वचन देते. पितृपक्षात तुमचं पान मी ठेवीन, चुकवणार नाही. भाकर आई थापणार आहे. ती आपणहून म्हणाली, मी तर नकोच म्हणत होते. तिचा राग निवला असेल, माझा निवायला वेळ आहे. गच्चीवर पान ठेवलं की कावळा येईल, आणि आरू विचारणारच, "आई, आबा कावळा झाले का गं?" सगळी पोरं विचारतात, सगळ्या आया 'हो' म्हणतात.

मी तिला जवळ घेऊन सांगेन, नाही बाळा. तो कावळा आहे. आबा माणूस होते, शेवटपर्यंत माणूसच होते. आणि ही तुझी आजी. हिला हाक मार.

तुमची आणि कलावतीची,
सुमन